पाणी धरणात, अडचण पंपात: पेडणे-डिचोलीचा नळ नेमका कुठे अडतो?

पेडणे तालुक्यात नळ कोरडा पडला की गावागावांत एकच प्रश्न विचारला जातो: कालवा फुटला की चांदेलचा पंप बंद पडला? पावसाचं नाव कोणी काढत नाही, आणि ते बरोबरच आहे. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. तिळारीच्या धरणात ऐन उन्हाळ्यातही पाणी असतं. तरी मे महिन्यात मोरजी, मांद्रे, हरमलच्या रस्त्यांवर टँकर धावतात. म्हणजे पाणी आहे, पण ते उचलून घरापर्यंत आणायची साखळी कुठेतरी तुटते.

सरकारी चर्चा मात्र नेहमी एमएलडीची. चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प 15 एमएलडीचा, म्हणजे दिवसाला दीड कोटी लिटर. तालुक्याची मागणी त्याला पेलवत नाही म्हणून तुये येथे 30 एमएलडीचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मोपाचा विमानतळ 2022च्या डिसेंबरात उद्घाटन होऊन जानेवारी 2023 पासून सुरू झाला, धारगळला आयुष इस्पितळ आलं, किनाऱ्यावर हॉटेलं आणि डोंगरउतारावर वसाहती वाढल्या. त्यामुळे क्षमता वाढवणं गरजेचंच होतं, यात वाद नाही. पण 15 एमएलडी हा आकडा पंप चोवीस तास नीट चालले तरचा आहे. वीज चार तास गेली की तो आकडा कागदावरच राहतो.

शिवाय चार तास वीज गेली म्हणजे चार तासच पाणी बंद, असं होत नाही. पंप थांबला की जलवाहिनी उतारावरच्या गावांकडे रिकामी होते आणि तिच्यात हवा शिरते. वीज आल्यावर आधी वाहिनी भरायची, मग टाक्या भरायच्या, मग नळ. यात शेवटच्या टोकाचा आणि उंचावरचा वाडा सगळ्यात मागे राहतो. म्हणून चांदेलला सकाळी वीज गेली तर टेकडीवरच्या घराला त्याचा फटका दुसऱ्या दिवशीपर्यंत बसतो आणि खात्याला फोन केला तर 'पंप चालू आहेत' हे उत्तर मिळतं. दोघंही खरंच बोलत असतात.

वीज अचानक गेली की आणखी एक गोष्ट घडते. वेगाने चढणारा पाण्याचा लोट एकदम थांबतो आणि मागे येऊन आदळतो. वाहिनीवर हा धक्का झेलणारे व्हॉल्व्ह नीट नसतील तर जुने जोड सुटतात. 'वीज आली आणि पाईप फुटला' हा लोकांचा अनुभव योगायोग नसतो. वीज खातं आणि पाणीपुरवठा ही दोन खाती वेगळी, त्यामुळे अशा फुटीचं कारण शोधताना दोघांनी एका टेबलावर बसणं क्वचितच घडतं. पूर्वी पाणीपुरवठा साबांखाकडे होता, आता पेयजल खातं वेगळं झालं आहे. पाटी बदलली, तारा त्याच आहेत.

एका बादलीसाठी चार वेळा चढण

डिचोली आणि बार्देशची वाट जरा लांबची आहे, पण ती समजून घेतली पाहिजे. तिळारी हा गोवा आणि महाराष्ट्र यांचा संयुक्त प्रकल्प. 1990च्या करारानुसार खर्चात गोव्याचा वाटा 73.30 टक्के. धरण दोडामार्ग तालुक्यात, कालव्यांचा सुरुवातीचा भागही महाराष्ट्रात, आणि लाभक्षेत्राचा मोठा हिस्सा गोव्यात. कालव्याचं पाणी उताराने वाहत येतं, त्याला वीज लागत नाही. कालवा सुरू असतो तोपर्यंत गोव्याला हे पाणी जवळपास हातावर मिळतं.

कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की दुसरी वाट सुरू होते. साळ येथे नदीतलं पाणी पंपाने उचलून आमठाण्याच्या धरणात टाकायचं. तिथून ते पार नदीतून अस्नोड्याला सोडायचं. अस्नोड्याला ते पुन्हा पंपाने उचलून शुद्धीकरण प्रकल्पात घ्यायचं. शुद्ध झालेलं पाणी तिसऱ्या पंपाने डोंगरावरच्या टाक्यांत चढवायचं. नळाला आलं की घरमालक ते चौथ्या पंपाने, स्वतःच्या विजेवर, गच्चीवरच्या टाकीत नेतो. एका बादलीने चार वेळा चढण चढलेली असते. यातल्या एका ठिकाणी जरी मोटर जळली तरी पुढचे सगळे थांबतात.

म्हणून दोडामार्गात कालवा फुटल्याची बातमी ही केवळ कुडाशा-घोटग्याकडच्या बागायतदारांच्या नुकसानीची बातमी नसते. ते नुकसान खरंच आहे. काजू-माडाच्या बागेत कालव्याचा चिखल घुसला की भरपाईच्या पंचनाम्यात वर्ष निघून जातं. पण त्याच क्षणी सीमेपलीकडे फुकट वाहणाऱ्या पाण्याच्या जागी विकतच्या विजेवर चढवलेलं पाणी येतं. कालव्याचं अस्तरीकरण रखडतं तेव्हा त्याचा खर्च गोव्याच्या वीजबिलात दिसतो, कालव्याच्या हिशेबात नाही. दोन्ही राज्यांच्या संयुक्त नियंत्रण मंडळात ही बाब ठळकपणे मांडली गेली तर दुरुस्तीच्या निधीवरचा वाद वेगळ्या प्रकाशात दिसेल.

यातला विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. चंदगडच्या माथ्यावरून खाली येणारं तिळारीचं पाणी कोनाळकट्ट्याच्या वीजगृहात 60 मेगावॉटचं जनित्र फिरवून मग मुख्य धरणात उतरतं. वर वीज देणारं पाणी खाली आल्यावर विजेसाठी अडून बसतं. आणि गोव्याची जवळपास सगळी वीज राज्याबाहेरून येते.

खाणीचा पंप

डिचोलीत पंपाचा इतिहास नळापेक्षा खाणीशी जास्त जोडलेला आहे. खनिजाचा खंदक भूजलपातळीच्या खाली गेला की त्यात पाणी भरतं. खोदाई चालू ठेवायची तर ते रात्रंदिवस उपसावं लागतं. खंदकातलं पाणी उपसलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी तिकडे झिरपतं. शिरगावात बारमाही विहिरी आटल्या त्या याच कारणाने, आणि तो प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. मग तडजोड म्हणून तेच उपसलेलं पाणी वायंगण शेतीसाठी मळ्यात सोडायचं, असा रिवाज पडला. शेतकऱ्याची झर गेली आणि तिच्या जागी खाणीचा पाईप आला.

ही अदलाबदल किती महाग होती ते खाणी बंद झाल्यावर कळलं. 2012च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, नंतर काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018मध्ये 88 लिजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद झाल्या. उपसा थांबला, खंदक भरले. तांत्रिकदृष्ट्या गावाची भूजलपातळी सावरायला ही चांगली गोष्ट. पण मळ्यात येणारं पाणीही थांबलं, कारण ते आणणारा पंप खाणीचा होता, डिझेल खाणीचं होतं आणि चालवणारा माणूसही खाणीच्या पगारावर होता. पाणी समोर खंदकात, शेत खाली कोरडं, अशी वेळ आली.

लिलावानंतर 2024मध्ये डिचोलीच्या ब्लॉकमधून पुन्हा खनन सुरू झालं. मुळगावच्या ग्रामस्थांचा तेव्हापासूनचा आग्रह नुसता धुळीचा आणि वाहतुकीचा नाही. शेतीला पाणी, तळ्यांतला गाळ, घरं-देवळं लिजाबाहेर काढणं या मागण्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. आणि शेतीच्या पाण्याची मागणी करताना गाव नकळत पुन्हा त्याच पंपाकडे हात पसरतो. खाण कंपनीने पाणी दिलं तर शेती, नाही दिलं तर पडीक. हे पाणी उपकार म्हणून नव्हे तर परवान्यातली लेखी अट म्हणून यायला हवं: कोणत्या महिन्यात, दिवसाला किती तास, खाण बंद पडली तर पंप कोणी चालवायचा. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, कारण 2012पासून खाणी दोनदा बंद पडलेल्या आहेत. खंदकांतलं पाणी उन्हाळ्यात नद्यांत सोडून शुद्धीकरण प्रकल्पांना पुरवण्याचे बेत सरकारनेही वेळोवेळी मांडले; त्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो.

सांखळीत पंपाचं काम याच्या उलट. वाळवंटी फुगली की बाजारपेठेच्या नाल्याची दारं बंद करावी लागतात, नाहीतर नदी उलटी बाजारात शिरते. दारं बंद झाली की वरून येणारं पावसाचं पाणी आत तुंबतं आणि ते पंपाने नदीत फेकावं लागतं. अशा वेळी सांखळीच्या दुकानदाराचं दुकान जलस्रोत खात्याच्या पंपावर उभं असतं. हे पंप वर्षाचे आठ-नऊ महिने नुसते उभे असतात. न चालणारा पंप चालणाऱ्यापेक्षा लवकर बिघडतो: शाफ्ट जाम होतो, सील कडक पडतो, केबल उंदीर कुरतडतात. मे महिन्यात भार देऊन ते चालवून पाहणं हे पावसाळापूर्व कामातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

विहिरीवरची मोटर आणि फसलेला हिशेब

साखळीचा शेवटचा दुवा घरातला. सप्टेंबर 2021 पासून गोव्यात घरगुती ग्राहकांना महिन्याला 16 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली. 2022च्या ऑगस्टमध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणित झालेलं पहिलं राज्य ठरलं. दोन्ही गोष्टी नळाच्या तोंडापर्यंत खऱ्या आहेत. दाब कमी असल्यामुळे पुढचा खर्च घरावर येतो: जमिनीत टाकी, एक एचपीचा पंप, वर दुसरी टाकी. एक एचपीची मोटर अर्धा तास चालली तर साधारण अर्धा युनिट वीज जाते, म्हणजे महिन्याला पंधरा युनिटं. ती रक्कम फार नाही. खरा खर्च मोटर जळल्यावर, वायंडिंगला.

मोटर जळते ती बहुतेक वेळा कमी व्होल्टेजने. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, तापते आणि आतल्या तारेचं आवरण करपतं. टाकीत पाणी नसताना चालत राहिली तर सील जळतो. चांगला ओव्हरलोड स्टार्टर आणि कोरडं चालणं रोखणारं यंत्र बसवलं तर यातलं बरंचसं टळतं, आणि ते एका वायंडिंगच्या मानाने फार महाग नसतं. तरी दुकानात गिऱ्हाईक विचारतो ते 'केवढ्या एचपीचा?' एवढंच.

एचपीचा हा मोह विहिरीवर जास्त फसवतो. चिऱ्याच्या विहिरीची पातळी एप्रिलमध्ये झपाट्याने उतरते. वर काठावर बसवलेला साधा पंप व्यवहारात सहा-सात मीटरपेक्षा खोलून पाणी ओढू शकत नाही, कारण पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, मोटर नव्हे. पातळी त्याखाली गेली की मोटर घुरघुरते, पाणी येत नाही. मालकाला वाटतं ताकद कमी पडली. तो एकचा काढून दोनचा बसवतो. पाणी तरीही येत नाही, बिल मात्र येतं. उपाय साधा आहे: पंप विहिरीत खाली ओट्यावर उतरवायचा किंवा सबमर्सिबल घ्यायचा. त्याआधी फुटव्हॉल्व्ह गळतो का आणि ओढीच्या पाईपात हवा शिरते का, हे पाहायचं.

सबमर्सिबलने मात्र पेडण्याच्या किनाऱ्यावर नवीन दुखणं आणलं आहे. वाळूखालचं गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरची गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालची खारी सीमा चाळीसेक मीटर वर येऊ शकते, असा भूजलशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. एका घराच्या बादलीभर पाण्याने हे होत नाही. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावासाठी आणि टँकरसाठी दिवसभर चाललेल्या उपशाने होतं. भूजल नियमनाचा कायदा गोव्यात 2002 पासून आहे, बोअर आणि विहिरीला परवानगी लागते. विहीर खारी झाली तर ती परवानगी देणारं खातं नव्हे, शेजारचं घर टँकर मागवतं.

थेट नळाच्या लाईनला पंप जोडणं हाही तसलाच प्रकार, फक्त छोटा. ते बेकायदा आहे. शेजाऱ्याचं पाणी तर जातंच, पण वाहिनीत उलटी ओढ तयार झाली की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. 'सगळेच लावतात, आपण काय करणार?' असं लावणारा म्हणतो, आणि दाब नसलेल्या गावात त्याच्याकडे दुसरा पर्याय कोणता, याचं उत्तर खात्याकडेही नाही.

तुयेचा प्रकल्प पूर्ण होईल तेव्हा 30 एमएलडीचा फलक लागेल. पेडण्याच्या ग्रामसभांनी त्याआधी काही साध्या गोष्टी लेखी विचारून ठेवायला हव्यात. राखीव पंप किती? वीज गेली तर जनित्र किती तास चालेल? वीजवाहिनी स्वतंत्र आहे की गावाच्याच फिडरवर? कालवा बंद असेल तेव्हा कच्चं पाणी कुठून? चांदेलबद्दल हेच प्रश्न आजही विचारता येतात.