कूळ मालक झाले, पक्ष तिथेच राहिला

निवडणुकीचा निकाल लागला की महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांची एक खंत ऐकू येते. ज्या बहुजन समाजाला मगोने ताठ मानेने उभे केले, तोच समाज पक्षाला विसरला, असे ते कळवळून सांगतात. त्यांची तळमळ खरी आहे. तरीही या खंतीत मतदारावर कृतघ्नपणाचा ठपका आहे आणि तो मला मान्य नाही.

आधी मगो काय होता ते आठवू या. गोवा मुक्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर 1963 मध्ये, गोवा, दमण आणि दीवच्या 30 जागांसाठी पहिली निवडणूक झाली. दिल्लीत आणि देशभर काँग्रेसचे राज्य असताना गोव्याच्या भूमीवर त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्याची एकमेव जागा दमणची. मगोला 14, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सला 12. पुढची चौदा वर्षे गोव्याचे राजकारण मगो आणि युगो या दोनच नावांभोवती फिरले. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणात उभे राहणाऱ्यांची मुले पाटी घेऊन वर्गात बसली. अशा घरांत मगोच्या सिंह या चिन्हावर ठप्पा मारणे हा स्वाभिमानाचा भाग होता.

त्या मतदाराने मात्र तेव्हाही डोळे मिटून मत दिले नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191. महाराष्ट्रात विलीन होणे हे तर मगोचे पहिले ध्येय. ते लोकांनी नाकारले. पण दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा मगोला 16 जागा मिळाल्या, म्हणजे आधीपेक्षा दोन जास्त. लोकांनी विलीनीकरणाला नकार दिला आणि भाऊंना पुन्हा कारभार दिला. मुद्दा आणि पक्ष यांत इतका स्पष्ट फरक करणाऱ्या मतदाराला भाबडा तरी कसे म्हणावे? 1972 मध्ये त्याने मगोला 18 जागांवर नेले.

ऑगस्ट 1973 मध्ये भाऊसाहेब गेले आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या काळात भाटकाराच्या जागेत राहणाऱ्या मुंडकारांच्या घरांना संरक्षण देणारा कायदा आला आणि 1976 ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवणारी ही दुरुस्ती पुढे वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत अडकली, पण गोव्याच्या समाजरचनेला याहून मोठा धक्का दुसऱ्या कुठल्या कायद्याने दिला असेल असे मला वाटत नाही. मगोच्या अधोगतीचे मूळही मला याच यशात दिसते. कुळाला जमिनीचा हक्क हवा होता, तोवर मगोकडे त्याच्यासाठी कार्यक्रम होता. मालक होऊ घातलेल्या कुळाच्या मुलाला नोकरी हवी होती, कॉलेज हवे होते, शेतीला पाणी हवे होते. पक्ष मात्र त्याच्याकडे भाऊंच्या पुण्याईवर मत मागत राहिला.

1977 मध्ये युगो नकाशावरून पुसला गेला. विलीनीकरणाचा धोका टळला आणि त्याचे प्रयोजनही संपले. त्याची जागा काँग्रेसने आणि जनता पक्षाने घेतली. मगोने 15 जागांवर सत्ता राखली खरी, पण आमदार फुटले आणि 1979 मध्ये सरकार कोसळले. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत काँग्रेसमधून फुटलेल्या अरस काँग्रेसला 20 आणि मगोला 7 जागा मिळाल्या. नवे मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे हे एकेकाळी भाऊंच्याच मंत्रिमंडळात होते. मग खुद्द ताईच बऱ्याच सहकाऱ्यांसह काँग्रेसमध्ये गेल्या. आधी मतदार गेला की नेते, याचा हिशेब मांडताना हे वर्ष विसरून चालणार नाही.

एवढे होऊनही लोकांनी दार लावून घेतले नव्हते. राजभाषेचा वाद आणि घटक राज्याची निर्मिती यांनंतर, 1989 मध्ये, 40 पैकी 18 जागा त्यांनी मगोला दिल्या. काँग्रेसपेक्षा फक्त दोन कमी. एखाद्या पक्षाला दुसरी संधी याहून मोठी काय मिळायची? तिचे काय झाले? 1991 मध्ये पक्ष फुटला आणि फुटलेला गट काँग्रेसच्या साथीने सत्तेवर बसला. 1994 मध्ये मगोने भाजपशी युती केली तेव्हा भाजपला पहिल्यांदा चार आमदार मिळाले. पाच वर्षांनी भाजप दहावर गेला आणि मगो चारवर आला. मगोच्या मतदाराला भाजपचा रस्ता मगोनेच दाखवला होता.

2017 आणि 2022 या दोन्ही निवडणुका मगो भाजपच्या विरोधात लढला आणि दोन्ही वेळा निकालानंतर भाजपच्याच सरकारला जाऊन मिळाला. दरम्यान, 2019 मध्ये त्याच्या तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये विलीन झाले. आज त्याचे दोन आमदार आहेत. ज्याच्या विरोधात मत मागितले त्याच्याच पंगतीला बसायचे असेल, तर मतदाराने मधला मुक्काम कशासाठी घ्यावा? तो थेट तिकडे गेला.

हे लिहिताना मला आनंद होत नाही. प्रादेशिक पक्ष दुबळा झाला की गोव्याचे निर्णय दिल्लीत होतात, आणि त्याची किंमत आपण मोजत आहोत. मुंडकारांचे खटले मामलेदार कचेऱ्यांत अजून तुंबलेले आहेत. कुळांनी झगडून मिळवलेल्या शेतांवर बिगरशेती रूपांतराची नजर आहे. मराठी शाळांचे वर्ग पटसंख्येअभावी बंद पडत आहेत. मगोचा जन्म ज्या प्रश्नांतून झाला, त्यांचीच ही पुढची पिढी आहे. मगोला जुना मतदार परत हवा असेल, तर मामलेदार कचेरीतल्या तारखांना त्याच्यासोबत जावे, रूपांतराच्या प्रत्येक फायलीला विधानसभेत जाब विचारावा आणि ज्याच्या विरोधात लढलो त्याच्यासोबत सत्तेत जाणार नाही हे लेखी द्यावे. भाऊंनी केलेल्या कामाची पावती या समाजाने अनेक वर्षे दिली. पुढचे मत पुढच्या कामासाठीच मिळेल, आणि ते तसेच मिळायला हवे.