नीटची तयारी : जिद्द टिकवायची कशाच्या बळावर?



आपल्या मॉरिशसमधील मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी विज्ञानात हुशार निघाली की ‘डॉक्टर होणार’ हे शब्द लवकरच कानांवर येतात, आणि त्यांच्या मागोमाग भारताचे नाव येते. भारतात एम.बी.बी.एस.ला प्रवेश घ्यायचा तर परदेशी नागरिकालाही ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पुस्तके मिळतात, पैसे खर्च केले तर शिकवणीही मिळते. अवघड जाते ते महिनोन् महिने जिद्द टिकवून धरणे. तिचाच आज थोडा विचार करू.

प्रथम आकडे पाहू. ४ मे २०२५ रोजी झालेल्या नीटला २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांपैकी सुमारे १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. मात्र एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे सतरा-अठरा परीक्षार्थींमागे एक. तेव्हा ‘मेहनत केलीस तर जागा मिळणारच’ असे मुलाला सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. मेहनतीवाचून जागा मिळत नाही हे खरे. पण मेहनत करूनही अनेकांना ती मिळत नाही, हेही तितकेच खरे.

त्यात २०२४ सालचा गोंधळ आठवा. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण रद्द करावे लागले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटल्याचे उघड झाले. २३ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. सुधारित निकालात पैकीच्या पैकी गुण मिळविणारे १७ उरले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, देशात पहिला आलेल्या विद्यार्थ्याचे गुण होते ६८६. एका वर्षी मुबलक वाटणारे गुण दुसऱ्या वर्षी कोणालाच मिळाले नाहीत. ज्याने आपली सारी उमेद गुणांच्या खुंटीवर टांगली, त्याची उमेद खुंटी हलताच खाली येणार.

ही गोष्ट किती गंभीर आहे हे राजस्थानातील कोटा शहराने दाखवून दिले. शिकवणी वर्गांच्या या नगरीत २०२३ साली वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्या ऑगस्टमध्ये प्रशासनाला वर्गांतील चाचण्या दोन महिने थांबवाव्या लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत घेऊ नये अशी मार्गदर्शक सूचना काढली. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत त्यांना लाजवू नये. न्यायालयाला हे सांगावे लागते, यातच सारे आले. लाज वाटावी म्हणून केलेला उपदेश चार दिवस धावायला लावतो. पाचव्या दिवशी पुस्तक उघडण्याचीच भीती वाटू लागते.

आपल्या बेटावरच्या मुलाची अडचण थोडी वेगळी आहे. त्याची एच.एस.सी. वर्षाअखेरीस संपते आणि नीट साधारणपणे मे महिन्यात येते. शाळा सुटलेली, सोबती आपापल्या वाटेने गेलेले, आणि हा एकटा भारतातील अकरावी-बारावीची एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके घेऊन बसलेला. त्यात केंब्रिजच्या अभ्यासक्रमात नसलेला बराच भाग, विशेषतः वनस्पतींची रचना आणि प्राण्यांचे वर्गीकरण, त्याला नव्याने शिकावा लागतो. हाताशी गणनयंत्र ठेवण्याची सवय असते, तर नीटमध्ये ते नेता येत नाही. शाळेत पुढे असणारा मुलगा पहिल्या सराव परीक्षेत मागे पडतो आणि ‘मला काही येत नाही’ असे धरून बसतो. वास्तविक त्याची बुद्धी तीच असते. मैदान तेवढे बदललेले असते. हे त्याला घरातल्या कोणीतरी सांगायला हवे.

मग जिद्दीला आधार कशाचा द्यायचा? आमच्या मते, रोज मोजता येईल अशा कामाचा. २०२५ च्या प्रश्नपत्रिकेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळत, चुकीचे असेल तर १ गुण कापला जाई. त्यांतले ९० प्रश्न, म्हणजे निम्मे, जीवशास्त्राचे होते. म्हणून दिवसाची सुरुवात जीवशास्त्राच्या एका छोट्या प्रकरणाने करावी. सकाळीच काही हाती लागले की पुढे भौतिकशास्त्राची गणिते अडली तरी दिवस वाया गेला असे वाटत नाही. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे, आणि चार दिवसांनी पुन्हा लिहावे. वाचलेले किती झपाट्याने विसरते हे जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले आहे. विसरणे हा आळशीपणा नव्हे.

आठवड्यातून एकदा, दुपारी दोन ते पाच, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा. मग चुकांची वही करावी आणि तिचे तीन भाग पाडावेत : माहीतच नव्हते, माहीत होते पण आठवले नाही, घाईत चुकले. महिन्याभराने या याद्या लहान होत जाताना दिसल्या की मुलाला स्वतःच्या प्रगतीची साक्ष मिळते. ती साक्ष कोणाच्या क्रमांकावर अवलंबून नसते.

घरच्यांचे कामही थोडे नाही. ‘किती गुण पडले?’ याऐवजी ‘आज काय समजले?’ असे विचारावे. शेजारची कोणी लॉरिएट झाली तर तिचे कौतुक जरूर करावे, पण तिचे माप आपल्या मुलाला लावू नये. आणखी एक. नीटसाठी वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली, आणि किती वेळा बसावे यालाही बंधन ठेवलेले नाही. ही सवलत म्हणजे न संपणारा रस्ताही होऊ शकते. तेव्हा किती प्रयत्न करायचे हे आधीच सर्वांनी मिळून ठरवावे आणि दुसरी वाटही निश्चित करावी, मग ती औषधनिर्माणाची असो, फिजिओथेरपीची असो, वा इथल्याच एखाद्या महाविद्यालयाची. दुसरी वाट ठरली की उमेद कमी होते असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. पाठीशी दार उघडे असलेला माणूस निर्धास्तपणे पुढे पाहतो.

मूल झोपेनासे झाले, जेवण टाकू लागले, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागले, तर अभ्यास तिथेच थांबवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. परीक्षा पुन्हा येते.

शेवटी आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनी एक प्रश्न मुलाला शांतपणे विचारावा : डॉक्टर व्हायची इच्छा तुझी आहे की आमची? उत्तर काहीही आले तरी ते ऐकून घ्यावे. इच्छा त्याची असेल तर वरील उपाय कामी येतील. ती केवळ आपली असेल, तर कोणतीही शिकवणी त्याच्या अंगी जिद्द आणू शकणार नाही, आणि हे मे महिन्यात कळण्यापेक्षा आजच कळलेले बरे.