पाण्याच्या रेणूंची साक्ष

तेलंगणाच्या सीमेला भिडलेल्या झरी जामणी तालुक्यात, जिथे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, रानाच्या कडेने विखुरलेले आहेत आणि तंबाखूच्या खर्‍याचे व्यसन जिवाशी जडलेले आहे, तिथे तोंडातील व्रणाविषयी कर्करोगाची शंका आली की रुग्णाची रवानगी यवतमाळला आणि तेथून बहुधा नागपूरला होते. कापूस वेचणीच्या हंगामात मजुराला अशी प्रत्येक खेप रोजगार बुडवूनच करावी लागते.

म्हणूनच अशी एखादी खेप वाचवू शकणार्‍या, एमआरआयच्या विसरणाधारित (डिफ्युजन) पद्धतीविषयी मला आस्था वाटते. पेशींची दाटी झालेल्या गाठीत पाण्याच्या रेणूंचा स्वैर संचार खुंटतो. १९६५ साली स्टेस्कल व टॅनर यांनी चुंबकीय स्पंदांनी हा संचार मोजण्याची रीत दाखविली आणि १९८६ साली फ्रान्सच्या डेनिस ल बिहाँ यांनी तिला रुग्णशय्येपर्यंत आणले. तीत किरणोत्सर्ग नाही, शिरेतून औषध टोचण्याचीही गरज नाही. शिवाय उपचारांनी पेशी मरू लागल्या, की गाठ आकसण्यापूर्वीच पुष्कळदा त्याची वर्दी मिळते. पू भरलेले गळूही असेच चित्र दाखविते, हे खरे. तुकडा काढून तपासणे त्यामुळे टळत नाही.

तथापि विसरण मोजण्याचे काही मिनिटांचे हे काम कर्करोगाच्या संशयाने होणार्‍या प्रत्येक एमआरआयमध्ये ठराविक पद्धतीने व्हावे, मोजलेला आकडा अहवालात लिहावा आणि मूळ प्रतिमा रुग्णाच्या हाती द्याव्यात, म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांना तीच तपासणी विनाकारण पुन्हा सांगावी लागणार नाही. असा हुकूम आरोग्य खात्याने विनाविलंब काढावा.