'सच्चर म्हणतात', पण कोणत्या पानावर?

मागच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीने एम.ए.चा लघुप्रबंध वाचायला पाठवला. विषय मुस्लिम मुलींच्या उच्च शिक्षणाचा. पहिल्याच प्रकरणात एक वाक्य होतं: सच्चर समितीच्या मते मुस्लिमांची अवस्था दलितांपेक्षाही वाईट आहे. खाली तळटीप, 'सच्चर समिती अहवाल, २००६'. मी फोन करून विचारलं, "पान कोणतं?" ती म्हणाली, "भाईजान, पान कुठून आणू? सगळेच असं लिहितात. सरांनीही वर्गात हेच सांगितलं."

खरंच सगळेच असं लिहितात. भाषणात, पत्रकात, अग्रलेखात, आंदोलनाच्या निवेदनात हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की अहवाल उघडायची गरजच वाटत नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी तो उघडला. चारशेहून अधिक पानांचा इंग्रजी दस्तऐवज, फुकट उपलब्ध. शेवटच्या, बाराव्या प्रकरणात समितीने निष्कर्ष मांडला आहे. बहुतेक निर्देशकांवर मुस्लिम अनुसूचित जाती-जमातींच्या थोडे वर आणि हिंदू ओबीसींच्या खाली आहेत, असा त्याचा आशय आहे. काही बाबतींत मात्र ते अनुसूचित जाती-जमातींच्याही मागे आहेत. शहरांतल्या नियमित पगाराच्या नोकऱ्या हे त्याचं ठळक उदाहरण.

म्हणजे आपलं लाडकं वाक्य सरसकट खरं नाही. खरं वाक्य जास्त लांब आहे, जास्त नेमकं आहे आणि घोषणेत बसत नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याने काय बिघडतं? समाज मागास आहे हे तर खरंच आहे ना? बिघडतं. आपण 'दलितांपेक्षा वाईट' लिहितो तेव्हा समोरचा माणूस अहवाल उघडून आपलं वाक्य खोटं ठरवू शकतो. एक वाक्य खोटं ठरलं की उरलेल्या दहा खऱ्या वाक्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. शिवाय ज्यांच्याशी खांद्याला खांदा लावून लढायचं, त्यांच्याशीच 'कोण जास्त दुःखी' अशी स्पर्धा आपण विनाकारण लावतो.

दुसरी चूक सालाची. सच्चर अहवालात मुस्लिमांचं साक्षरतेचं प्रमाण ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी ६५.१ टक्के दिली आहे. हे आकडे २००१ च्या जनगणनेचे आहेत. अहवाल २००६ चा, आकडा २००१ चा, आणि आपले विद्यार्थी आज लिहितात, 'मुस्लिमांची साक्षरता ५९ टक्के आहे'. 'आहे' नव्हे, 'होती'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या नोंदीवर तारीख-वेळ नसेल तर ती नोंद निरुपयोगी समजतात, कारण बिघाड केव्हा झाला तेच कळत नाही. आकड्याचंही तसंच आहे. अहवालाचं साल आणि आकड्याचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लिहा.

आता कॉलेजांबद्दल. आपल्याकडे संदर्भ देणं शिकवतच नाहीत. शिकवतात ते फक्त टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. विद्यार्थ्याच्या डोक्यात यातून एकच गोष्ट बसते: १० च्या खाली आणा. मग अवतरणचिन्हं काढायची, शब्द मागेपुढे करायचे, मूळ लेखकाचं नाव गाळायचं. खरं तर त्याच नियमांत स्पष्ट आहे की नीट श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर साम्यात धरायचा नाही. म्हणजे प्रामाणिकपणे उद्धृत करणाऱ्याला भीती नाही. पण हे किती वर्गांत सांगितलं जातं?

आणि ते सॉफ्टवेअर नेमकं काय पकडतं? सारखे शब्द. खोटा दावा ते पकडत नाही. माझ्या बहिणीचं वाक्य तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं असतं तर शून्य टक्के साम्य आलं असतं. वाक्य चुकीचं, तळटीप न पाहिलेल्या पुस्तकाची, आणि प्रमाणपत्र स्वच्छ.

याच्या पुढची पायरी म्हणजे चॅटबॉट. हल्ली मुलं त्याच्याकडूनच संदर्भसूची मागवतात. माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणून सांगतो: ते यंत्र आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द जुळवतं. त्यामुळे संदर्भासारखा दिसणारा मजकूर ते सहज तयार करतं, मग ते पुस्तक अस्तित्वात असो वा नसो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले कोर्टात दाखल केले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. शिकल्यासवरल्या वकिलांची ही गत, तर रात्री दोन वाजता सूची पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याचं काय?

'आमच्या गावात ग्रंथालय नाही, इंग्रजी जमत नाही, तळटिपा हे मोठ्या कॉलेजांचे चोचले' हा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. अडचण खरी आहे, निष्कर्ष चुकीचा. जनगणनेचे तक्ते फुकट आहेत, शोधगंगेवर हजारो पीएचडी प्रबंध फुकट आहेत. मराठी किंवा उर्दू पुस्तक वाचलं असेल तर बिनधास्त त्याचाच संदर्भ द्या, इंग्रजी नाव चिकटवून प्रतिष्ठा वाढत नाही. सच्चर अहवाल स्वतः न वाचता एखाद्या मराठी लेखातून आकडा घेतला असेल तर तसंच लिहा: अमुक लेखात उद्धृत. यात कमीपणा नाही. न उघडलेला अहवाल उघडल्याचं भासवण्यात आहे.

आपल्याला तर हे नवीन नसावं. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच इस्नादची, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीची, छाननी होते. कोणी कोणाकडून ऐकलं, ते दोघे भेटणं शक्य होतं का, मधला दुवा तुटलाय का? हा वारसा अभिमानाने सांगणारी आपली पोरं 'सगळेच लिहितात' यावर प्रबंध उभा करतात, तेव्हा वाईट वाटतं.

हा केवळ मार्कांचा प्रश्न नाही. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. त्याच्यामागे सच्चर, रंगनाथ मिश्र आणि राज्याच्या महमूदूर रहमान समितीचे अहवाल होते. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात नोकऱ्यांमधलं हे आरक्षण थांबवलं, शिक्षणातलं मात्र थांबवलं नाही. पुढे त्या अध्यादेशाचा कायदा झाला नाही, तो भाग राजकारणाचा. पण हा प्रश्न पुन्हा कोर्टात जाईल तेव्हा तिथे घोषणा चालणार नाहीत. आकडा, त्याचं साल, तक्ता आणि पान विचारलं जाईल. ते सांगणारे वकील, अभ्यासक, पत्रकार आजच्या तुमच्या वर्गांतूनच यायचे आहेत.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात: जे उघडून पाहिलं त्याचाच संदर्भ द्या. पान किंवा तक्ता क्रमांक लिहा. आकड्याचं साल लिहा. आणि स्रोत जेवढं म्हणतो तेवढंच म्हणा, तुमची बाजू कितीही न्याय्य असली तरी.

बहिणीने ते वाक्य बदललं. आता त्या जागी चार वाक्यं आहेत, एक तक्ता आहे आणि प्रत्येक आकड्याला पान क्रमांक. तिला त्यात दोन रविवार गेले आणि ती माझ्यावर वैतागलीसुद्धा. पण तोंडी परीक्षेत कुणी विचारलंच, 'हे कुठे लिहिलंय?', तर तिला सरांचं नाव घ्यावं लागणार नाही. ती पान उघडून दाखवेल.

तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात आवडतं, सगळ्यात जोरदार वाक्य आज एकदा शोधा. ते कोणत्या पानावर आहे?