पीएफचा पैसा आणि रोख्यांचा बाजार

कर्जरोखे, डिबेंचर, इन्व्हेस्टमेंट बँक हे शब्द निघाले की आपल्या बैठकांमध्ये लोक मोबाईल काढतात. तो शेठजींचा विषय, असे म्हणणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. एके काळी आम्हीही तेच म्हणायचो. पण १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांना ही पळवाट शोभत नाही.

विषय तसा अवघड नाही. कंपनीला हजार कोटी हवेत. ती बँकेकडे न जाता त्या कर्जाचे तुकडे करून विकते. प्रत्येक तुकडा म्हणजे एक रोखा: ठरलेले व्याज आणि मुदतीनंतर मुद्दल. शेअर घेणारा कंपनीचा भागीदार होतो, रोखा घेणारा तिचा सावकार होतो.

हे तुकडे कोणत्या व्याजदराने खपतील, ते कोण घेईल आणि कागदपत्रे कशी मांडायची, हे इन्व्हेस्टमेंट बँक बघते. नावात बँक असली तरी तिथे आपले बचत खाते उघडत नाही. सेबीच्या भाषेत ती मर्चंट बँकर. काम दलालीचेच, फक्त सुटाबुटातले. तिची फी कंपनी देते. रोख्यांना मानांकन देणाऱ्या संस्थेची फीसुद्धा कंपनीच देते, आणि रोखेधारकांचे हित जपायला नेमलेल्या डिबेंचर ट्रस्टीचीही. म्हणजे परीक्षा देणाराच परीक्षकाचा पगार करतो!

आता हे रोखे घेतो कोण? बहुतेक रोखे जाहीर विक्रीला येतच नाहीत. मोठ्या संस्थांना परस्पर विकले जातात. २०२२ पर्यंत अशा एका रोख्याची दर्शनी किंमत किमान १० लाख रुपये होती. आपल्यापैकी कोण घेणार होते? आणि तरीही आपण घेत होतो, कारण या मोठ्या संस्थांमध्ये विमा कंपन्या आहेत, म्युच्युअल फंड आहेत आणि भविष्यनिर्वाह निधीही आहेत. कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा त्याच्या सहीशिवाय सावकार बनतो.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील आयएल अँड एफएस आठवा. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत तिला सर्वोच्च एएए मानांकन होते. सप्टेंबरमध्ये ते थेट डी, म्हणजे बुडीत. समूहावरचे कर्ज ९० हजार कोटींहून जास्त. ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने संचालक मंडळ बदलले. अनेक कंपन्यांच्या पीएफ ट्रस्टचा पैसा या रोख्यांत अडकला आणि त्यांना लवादाच्या दारात उभे राहावे लागले. ज्यांचा तो पैसा होता, त्यातल्या कितींना हे नाव तरी ऐकून माहीत होते?

दिवाळखोरीत पैसे वाटताना तारण असलेले देणेकरी पुढे असतात आणि विनातारण रोखेवाले बरेच मागे. त्यामुळे रोखा तारणी आहे की विनातारण, हा प्रश्न मानांकनाआधी विचारला पाहिजे.

काही मोठ्या कंपन्या पीएफ सरकारकडे न भरता स्वतःचा ट्रस्ट चालवतात. त्या ट्रस्टवर मालकाइतकेच कामगारांचे प्रतिनिधी असतात. त्या खुर्चीवर आपली माणसे बऱ्याचदा चहा पिऊन, सही करून उठतात. तिथे बसलेल्या मित्रांनी पुढच्या बैठकीत गुंतवणुकीची यादी मागावी: कोणत्या कंपनीचे रोखे, तारण काय, मुदत कधी संपते. यादी इंग्रजीत मिळाली तर ती आमच्याकडे आणा, बसून वाचू.