दिवाळीचा किल्ला आणि द्रौपदी

आमच्या नातवाने यंदा अंगणात दिवाळीचा किल्ला केला आणि वर पाटी लावली : 'कंधार'. नांदेडच्या या अंगणात रायगड-शिवनेरी पुष्कळ झाले, कंधार पहिलाच. त्याचे आजोळ तिथले! बुरुजावर मावळ्यांऐवजी पाच पांडव आणि द्रौपदी. का? तर कंधारच्या आजीने सांगितले, ती पांचालपुरी. द्रौपदीचे लग्न तिथेच लागले, पांडवदराही आहे.

तेवढ्यात शेजारचे काका डोकावले. "अरे, कंधारचा किल्ला अफगाणिस्तानात!" पोराचा चेहरा उतरला. मला विचारतो, "आबा, आजी खोटं सांगते?"

आता आली का पंचाईत!

म्हटले, बस इथे. पांचाल देश गंगा-यमुनेकडचा. पण कंधार आपलेच. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण हजार वर्षांपूर्वीचा. त्या काळच्या कंधारच्या शिलालेखात जगत्तुंग-समुद्र हे नाव आहे, आणि जगत्तुंग तलाव तू पोहायला जातोस तोच! पुढे किल्ला निजामशाहीत गेला. १६३१ साली शाहजहानच्या नसीरी खानाने त्याला वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावले, आणि किल्ला मोगलांकडे गेला. पयाग नावाच्या चितार्‍याने तो वेढा रंगवला. 'पादशाहनाम्या'तले ते चित्र इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. नावामुळे मात्र कितीजण ते अफगाणिस्तानचे समजतात; काकांसारखेच!

अशी गल्लत जगभर होते. ज्यूंच्या मसादा किल्ल्यावर ९६० जणांनी रोमनांच्या हाती लागण्याआधी मरण पत्करले, असे जोसेफस लिहितो. १९६३ ते ६५ मध्ये तिथे उत्खनन झाले. रोमन छावण्या आणि वेढ्याचा बांध तर डोळ्यांना दिसतो. सांगाडे मात्र तीसही मिळाले नाहीत. वेढा खरा, शेवटच्या रात्रीची साक्ष एकाच लेखकाची.

"मग आजी?"

"आजी गोष्ट सांगते, बाळ. गोष्ट खोटी नसते. तिला इतिहासाच्या पाटावर बसवले, की तिची फजिती होते."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आबा, कंधार डोंगरावर कुठंय? तो भुईकोट!" आणि मेहनतीने रचलेला डोंगर त्याने स्वतःच सपाट केला. भोवती खंदक खणला. पांडव आणि द्रौपदीला उचलून कोपर्‍यातल्या दगडांत बसवले, जवळ चिठ्ठी लावली : 'आजीची गोष्ट'.

पाटीवर 'कंधार'च्या पुढे लिहिले, 'जि. नांदेड'. काकांसाठी!