अंगणवाडीतील शिक्षण कोठे आहे?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने हेच तिचे साहित्य. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कार्यातला. सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा शब्द उचलला. शिक्षण मात्र बव्हंशी मागेच राहिले. आज अंगणवाडीत आहार वाटला जातो, वजने घेतली जातात, नोंदवह्या भरल्या जातात. ही कामे हलकी नव्हेत. परंतु गाण्यागोष्टींस, मातीकामास वेळ उरावा कोठून? सेविकेस वेतन नव्हे, मानधन मिळते. म्हणजे सरकारलेखी ती शिक्षिका नव्हेच! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस हमी दिली. त्याहून लहान बालक हक्काबाहेरच राहिले. २०२० चे राष्ट्रीय धोरण तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत मानते. मग कायद्यातील सहाचा आकडा तीनवर आणण्यास अडचण कोणती? पैशाचीच असणार. आपण मध्यमवर्गीय शुल्क भरून बालवाडी विकत घेतो व स्वस्थ बसतो. सेविकेस अध्यापनाचे प्रशिक्षण व शिक्षिकेचे वेतन मिळावे, ही मागणी आपणच, आपली मुले तेथे जात नसतानाही, केली पाहिजे.